गरम इंजिन फ्लड होतंय (आत जास्तीचं पेट्रोल साचतंय), सुरू होत नाही. नेमका दोष कसा शोधू?

प्रश्न
जुनी पेट्रोल गाडी आहे, इंजेक्शनवाली. सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होते. पण फिरून आल्यावर थोडा वेळ उभी केली की नुसती क्रँक होत राहते आणि पेट्रोलचा उग्र वास येतो. प्लग काढले तर ओले आणि काळे. नवीन प्लग टाकले तरी तेच. मेकॅनिक इंजेक्टरचा (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझलचा) अख्खा सेट बदला म्हणतोय. एवढा खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

प्रतिसाद १
आधी अडकलेली गाडी सुरू कशी करायची ते सांगतो. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत अशा वेळी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर बंद ठेवतो, आत फक्त हवा जाते आणि साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. पेडल वर-खाली करू नका. एका वेळी 10 सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये स्टार्टरला गार होऊ द्या. यावर गाडी उठली तर पेट्रोल जास्त येतंय असं धरून चाला.

प्रतिसाद २
सेट बदलायची घाई अजिबात करू नका! प्लग ओला आहे यावरून एवढंच कळतं की पेट्रोल जळलं नाही. ते जास्त आलं की ठिणगीच पडली नाही, हे आधी ठरवायला हवं.

चारही प्लग काढून क्रमाने मांडा. एकच ओला असेल तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर गळत असेल किंवा तिथली ठिणगी कमजोर असेल. चारही सारखेच ओले असतील तर चारही इंजेक्टर एकदम गेले असं क्वचितच होतं. मग पेट्रोलचा दाब सांभाळणारा प्रेशर रेग्युलेटर बघा. जुन्या गाड्यांत तो फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) असतो आणि त्याला इंजिनच्या हवेच्या मार्गाकडे जाणारा एक बारीक व्हॅक्यूम पाइप जोडलेला असतो. तो पाइप उपसून हुंगा. आत पेट्रोल दिसलं की रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, दुसरा पुरावा नको.

पाइप कोरडा असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सर (इंजिनचं तापमान मोजणारा) बघा. गरम इंजिनलाही तो थंड दाखवत असेल तर ईसीयू थंडीच्या हिशोबाने पेट्रोल ओततो. स्कॅनर लावून आकडा बघा. गाडी नीट तापल्यावर साधारण 80 ते 100 अंश दिसायला हवेत.

आणि प्लग बाहेर असताना क्रँक करायचं असेल तर आधी पंपाचा फ्यूज काढा, इग्निशनचं कनेक्शन सोडवा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ उडते, तिथे ठिणगी पडली तर आग लागेल. हे कृपया हलक्यात घेऊ नका.

प्रतिसाद ३
वरच्याशी सहमत, पण प्लगला ठिणगीची वीज देणारी इग्निशन कॉइलही तपासा. काही कॉइल थंड असताना ठीक चालतात आणि तापल्या की दगा देतात. इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरवर मला तरी संशय नाही. तो गेला तर सहसा इंजेक्टरही बंद होतात, म्हणजे प्लग कोरडे निघाले असते.

धागाकर्ता
चारही प्लग सारखेच ओले निघाले. रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढला तर त्यातून पेट्रोल ठिबकलं! सेटचा खर्च वाचला, मनापासून आभार. रेग्युलेटर बदलला की लगेच चालवू का?

प्रतिसाद २
थांबा, आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून वास घ्या. इतके दिवस जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरलं असणार. ऑइल पातळ लागलं, पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका, बेअरिंग खराब होतील. रेग्युलेटरची ओ-रिंगही (गळती रोखणारी रबरी रिंग) नवीनच टाका. मग चावी ऑन करून पंपाला प्रेशर धरू द्या, रेलपाशी कुठे ओलं होत नाही ना ते बघा आणि त्यानंतरच सेल्फ मारा.