लिब्सवरून मातीतला सेंद्रिय कर्ब : परगावच्या मातीवर मॉडेल का फसतं?

सड्यावरचा
लिब्सने (लेसरचा ठोका मारून उठणाऱ्या तप्त वायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, प्रकाशावरून मूलद्रव्यं मोजण्याची पद्धत) मातीतला सेंद्रिय कर्ब सांगणारं मॉडेल करतोय. राजापूर, देवगड, मालवण तालुक्यांतल्या ९ गावांचे मातीचे ८४ नमुने आहेत. बरेचसे जांभ्याचे, १९ खाडीकाठच्या खार जमिनीतले. २०० मेशच्या चाळणीतून चाळून १० टन दाबाखाली गोळ्या केल्या. एनडी-याग लेसर १०६४ नॅनोमीटर, ५० मिलिज्यूल, डिले (ठोक्यानंतर मोजणी सुरू होईपर्यंतचा वेळ) १ मायक्रोसेकंद, स्पेक्ट्रोमीटरचं रिझोल्यूशन ०.१ नॅनोमीटर. गोळीमागे ५० शॉट, म्हणजे ४२०० स्पेक्ट्रम. कर्बाचे खरे आकडे वॉकली-ब्लॅकचे (डायक्रोमेटने कर्ब मोजण्याची प्रयोगशाळेतली पद्धत).

८०-२० विभागणीत (८० टक्के डेटावर शिकवून २० टक्क्यांवर तपासणी) रँडम फॉरेस्ट मॉडेलचा आर-स्क्वेअर (१ म्हणजे अचूक जुळणी) ०.९७ येतो. वेंगुर्ल्याच्या १२ नव्या गोळ्या दिल्या की ०.३ च्याही खाली. न्यूरल नेटवर्क लावू का?

वर्णपट
आत्ता नको. आधी तो ०.९७ खरा आहे का ते बघा. एका गोळीचे ५० शॉट म्हणजे ५० नमुने नव्हेत. विभागणी शॉटवर केली असेल तर प्रत्येक गोळीचे साधारण ४० शॉट ट्रेनिंगमध्ये आणि १० टेस्टमध्ये गेले. मॉडेलने गोळी ओळखली आणि तिचा आकडा सांगितला, कर्ब मोजलाच नाही.

पायथनच्या सायकिट-लर्नमधलं ग्रुपकेफोल्ड (दर फेरीला, म्हणजे फोल्डला, काही ग्रुप पूर्णपणे तपासणीसाठी बाजूला ठेवणारी विभागणी) घ्या आणि ग्रुप म्हणून गोळीचा नव्हे, गावाचा नंबर द्या. स्केलिंग, पीसीए (असंख्य स्तंभांचे थोडे घटक करणं), रेषांची निवड, सगळं पाइपलाइनमध्ये, प्रत्येक फोल्डच्या आत. पहिले ५ शॉट पृष्ठभाग साफ करण्यात जातात, ते टाका. उरलेल्या ४५ मधले अशक्त प्लाझ्माचे काढून सरासरी घ्या. हातात ८४ ओळी उरतील. एवढ्याशा डेटावर पीएलएस (मोजक्या घटकांवरची साधी रेषीय पद्धत) पुरे, घटक ६-८ च्या पुढे नेऊ नका.

आणखी एक. खारीच्या सगळ्या गोळ्या एकाच दिवशी मोजल्या असतील तर मॉडेल त्या दिवसाची लेसर-ऊर्जाही शिकतं. क्रम सरमिसळ ठेवा, दर १० गोळ्यांनंतर एक ठरावीक तपासणीची गोळी मारा.

रेषाशोधक
विभागणीबद्दल वर्णपट यांचं बरोबरच आहे, पण जांभ्यात दुखणं त्याहून खोल आहे. कर्बाची नेहमीची रेषा (मूलद्रव्य ज्या ठरावीक तरंगलांबीवर प्रकाश देतं ती) २४७.८६ नॅनोमीटरवर. लोहाची एक रेषा २४७.९८ वर. मधलं अंतर ०.१२ नॅनोमीटर आणि तुमचं रिझोल्यूशन ०.१, म्हणजे दोन्ही एकमेकींत मिसळणारच. लोहाने लाल झालेल्या मातीत त्या टेकाडाचा मोठा भाग लोहाचा असतो. तुमच्या ९ गावांत लोह आणि कर्ब योगायोगाने सोबत चढत-उतरत असतील तर मॉडेल खुशाल लोह वाचतं. वेंगुर्ल्यात ती जोडी तुटली की संपलं.

शेजारच्या २४८.३३ च्या लोहरेषेचा ठरावीक अंश वजा करायचा मोह होतो. ती रेषा ग्राउंड स्टेटवर (अणूच्या सर्वात खालच्या ऊर्जापातळीवर) येऊन संपते, त्यामुळे लोह वाढलं की प्लाझ्माच्या थंड कडा तिचा प्रकाश गिळतात आणि प्रमाण बिघडतं. वजाबाकीसाठी वरच्या पातळीवर संपणारी लोहरेषा निवडा. १९३.०३ ची कर्बरेषा लोहापासून सुटते, पण २०० च्या खाली हवेतला ऑक्सिजन प्रकाश खातो, म्हणून आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडावा लागतो. शिवाय तिथे अ‍ॅल्युमिनियम आडवं येतं आणि जांभ्यात तेही भरपूर.

खात्रीची परीक्षा साधी आहे. एकच माती घ्या, समजा कर्ब १.८ टक्के. ४.५ ग्रॅम मातीत ०.५ ग्रॅम शुद्ध फेरिक ऑक्साइड खलून मिसळा, गोळी करा. पातळ झाल्यामुळे खरा कर्ब १.६२ वर यायला हवा. मॉडेल २.३ किंवा ०.९ म्हणालं तर ते लोह वाचतंय. ही परीक्षा नापास होणारं मॉडेल शेतकऱ्याच्या मातीवर चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाजणवाट
त्या १९ खार नमुन्यांत मूळ आकडेच फुगलेले असू शकतात. वॉकली-ब्लॅकमध्ये डायक्रोमेट क्लोराइडचंही ऑक्सिडेशन करतं आणि ते कर्बाच्या खात्यात जमा होतं. क्लोराइड १.२ टक्के असेल तर कर्ब ०.१ टक्का जास्त दिसतो, म्हणजे क्लोराइडचा बारावा भाग वजा करायचा, किंवा डायक्रोमेटसोबत वापरायच्या सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घालायचं. भाताच्या चिखलातली माती ओली असताना घेतली तर फेरस लोहही हेच करतं. सावलीत पसरून नीट वाळू द्या. १.३ चा गुणक (या पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, त्याची भरपाई) सगळ्या नमुन्यांना सारखाच लावलाय ना, तेही बघा.

क्षारतेचं मॉडेल करणार असाल तर सोडियमची ५८९ ची जोडी सोडा, खारीच्या मातीत ती स्वतःचाच प्रकाश गिळून शेंड्याला खचते. ८१८.३३ आणि ८१९.४८ वापरा.

सड्यावरचा
गावनिहाय फोल्ड लावले. आर-स्क्वेअर ०.४१. खारीचे नमुने परत टायट्रेशनला लावतो. गोळ्या जूनमध्ये केल्यात, त्या चालतील का?

रेषाशोधक
०.४१ हा तुमचा खरा आकडा, इथून पुढे काम करता येईल. पावसाळ्यातल्या गोळ्या दमट होतात, खारीच्या तर लगेच. ६५६.२८ ची हायड्रोजनरेषा बघा. तपासणीच्या गोळीपेक्षा ठळक असेल तर १०५ अंशांवर वाळवून सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये गार करा आणि बाहेर काढल्या काढल्या मारा. वाळवताना जिला तडा गेला ती गोळी फोडून पुन्हा दाबा. तड्यावर पडलेला शॉट फोकसखाली जातो आणि सगळ्याच रेषा एकदम घसरतात.