अनचार्टेड ४ तेरा वर्षांच्या मुलाला खेळू द्यावा का?

देवगडची आई

आमचं आंब्याचं घर. एप्रिल-मे म्हणजे आम्ही दोघं पहाटेपासून पेट्या भरण्यात, आणि चिरंजीव घरात मोकळे. आठवीत जाणार, नुकती तेरा पूर्ण झालीत. ठाण्याच्या मावसभावाने त्याचा जुना पीएस४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, याला देऊन टाकलाय, सोबत अनचार्टेड ४ या खजिना शोधण्याच्या व्हिडिओ गेमची डिस्क.

परवा दुपारी मीही शेजारी बसले. वादळातली बोट, मग अनाथाश्रमातली दोन भावंडं छपरांवरून पळतात, तिथवर खरं सांगायचं तर मी रमले. पण पुढे हिरो गवतात लपून पहारेकऱ्यांचे मागून गळे आवळायला लागला, आणि आमचे चिरंजीव शांतपणे चिवडा खात तेच करत होते. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "तो चोर मां? मगे तू तेचीच बाजू कित्याक घेतंस?" उत्तर त्याच्याकडेही नव्हतं, माझ्याकडेही नाही.

वयाचं शोधलं तर अमेरिकेतलं मानांकन तेरा म्हणतं, युरोपातलं सोळा. कोणाचं ऐकायचं? नवरा म्हणतो, खेळू दे, निदान भर उन्हात खडपात तरी जात नाही. शिवाय आता नवीनच सुरू झालंय: "आई, विजयदुर्गात पण असं काही पुरलेलं असेल ना?" खेळलेल्यांनी सांगा.

कंट्रोलरवाला, रत्नागिरी

या मालिकेचे चारही भाग संपवलेत. ताई, काळजी करण्यासारखं फार नाही. गोळीबार भरपूर, पण हातपाय तुटणं, आतडी बाहेर येणं असलं काही नाही. रक्त थोडं. शिव्या इंग्रजीत आहेत, ऐकू येतील. सिगरेट-दारू दिसते. नवरा-बायकोचं प्रेम चुंबनापर्यंत. समुद्री चाच्यांचे पिंजऱ्यात टांगलेले सांगाडे आणि स्फोट होणारी प्रेतं आहेत, घाबरट मूल असेल तर तेवढं बघा. पनामाच्या तुरुंगात एक भोसकाभोसकी आहे, ती मात्र अचानक येते.

सेटिंगमध्ये 'एक्सप्लोरर' नावाची सर्वांत सोपी पातळी आहे, ती लावा. मारामारी पटकन आटपते, चढणं आणि कोडी सोडवणं उरतं. खरी मजा तिथेच आहे. मादागास्करमधली जीपची सफर तर नुसती बघत बसावी अशी.

वेंगुर्ल्याचा मास्तर

मी हायस्कुलात इतिहास शिकवतो, आणि माझ्या मुलीने हा गेम माझ्यासमोर खेळलाय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो. तुमच्या सासूबाईंनी नेमकं बोट ठेवलंय. रक्त किती सांडतं हा माझ्या मते दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, हा खजिना कोणाचा?

गेममध्ये सगळे हेन्री एव्हरी या चाच्याच्या लुटीमागे धावतात. हा माणूस खरा आहे, लूटही खरी. सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतत होतं. एव्हरीने 'फॅन्सी' नावाच्या जहाजातून ते गाठलं. लढाईत गंज-ए-सवाईवरचीच एक तोफ फुटली, आणि मग चाचे वर चढले. पुढे कित्येक दिवस प्रवाशांचे हाल केले, बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या टाकल्या. मुघल इतिहासकार खाफी खानाने हे लिहून ठेवलंय. औरंगजेब इतका भडकला की सुरतेच्या इंग्रजांना त्यांच्याच वखारीत कोंडलं. एव्हरीचे काही साथीदार १६९६ मध्ये लंडनला फासावर गेले. तो स्वतः कधीच सापडला नाही, म्हणून तर त्याच्यावर गेम बनतो.

म्हणजे पडद्यावर जी सोन्याची नाणी चमकतात ती आपल्याच समुद्रातल्या माणसांकडून ओरबाडलेली. गेममध्ये नाणी आहेत, माणसं मात्र जवळजवळ नाहीत. हे मी मुलीला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग शेवटी ते सुरतेला परत देतात का?" आता शेवट मी फोडत नाही, पण असा प्रश्न पडणारं मूल हा गेम खेळायला तयार आहे, असं मी समजतो. याच कारणासाठी माझं मत तेराच्या बाजूने आहे, अट एवढीच की घरातलं मोठं माणूस त्याच खोलीत हवं. एकट्याने दार लावून खेळणार असेल तर युरोपवाल्यांचं सोळाच बरं.

गेममध्ये दिसणारं लिबर्टालिया, म्हणजे चाच्यांचं स्वतंत्र नगर, ही मात्र दंतकथा. आणि तिचा सहसंस्थापक दाखवलेला थॉमस ट्यू प्रत्यक्षात त्याच १६९५ च्या मोहिमेत मुघल जहाजावर हल्ला करताना मारला गेला. मुलाला सांगून बघा, गेममधल्या चुका काढायला या वयाच्या पोरांना फार आवडतं.

विजयदुर्गाचं म्हणाल, तर दोन गोष्टी. एक, कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणत. ते या किनाऱ्यावर दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय जहाज जाऊ देत नसत, त्याचा राग. चाचा कोण आणि सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कोण, हे कागद कोण लिहितो त्यावर ठरतं. ही चर्चा तुमच्या चिरंजीवाशी जरूर करा, किल्ला तुमच्याच तालुक्यात आहे. दुसरी, तो किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे खणायला गेलात तर गुन्हा. आणि स्वतःच्या बागेत जरी दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाने मांत्रिक काय काय करून घेतात ते वेगळंच. गेममध्ये मात्र जुन्या वास्तूंची कसलीच पर्वा नाही: हिरो कोरीव खांबाला लटकतो आणि खांब कोसळतो, पुढचा पूल कोसळतो, मग अख्खं सभागृह. बंदुकीपेक्षा मला याचाच जास्त त्रास होतो, पण मुलगी म्हणते मी मजा घालवतो.

अलिबागचा बाबा

मास्तरांचा इतिहास वाचून बरं वाटलं, पण मी सहमत नाही. एव्हरीवर तुम्ही तासभर बोलाल, आणि त्याच तासात मुलगा पन्नास माणसं मारून मोकळा होईल. वर हिरो विनोद करतो! राक्षस, झोंबी असते तर एक वेळ ठीक. इथे पगारी पहारेकरी आहेत, आपसात गप्पा मारत उभे असतात. माझा मुलगा चौदाचा आहे, मी अजून दिलेला नाही.

वेंगुर्ल्याचा मास्तर

बाबा, गप्पा मारणाऱ्या पहारेकऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे, तो मलाही खटकतो. पण या भागात गवतातून लपत कितीतरी पहारे न मारता ओलांडता येतात. मुलीला मी तीच पैज लावली होती: एकालाही हात न लावता पलीकडे जाऊन दाखव. काही ठिकाणी गेम ऐकत नाही, लढायलाच लावतो. तिथे तुमचं म्हणणं मान्य.

देवगडची आई

सगळ्यांचे आभार. गंज-ए-सवाईचं रात्री जेवताना सांगितलं (बायकांचं थोडं गाळून). सासूबाईंनी विजयी मुद्रेने बघितलं.

दोन बारीक शंका. आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते, मग खेळलेलं पुसतं का? आणि अनोळखी लोकांशी बोलण्याचं काही आहे का त्यात?

कंट्रोलरवाला, रत्नागिरी

पुसत नाही, थोड्या थोड्या अंतरावर गेम आपोआप सेव्ह होतो. फक्त सेव्ह चालू असताना लाइट गेली तर फाइल बिघडू शकते, इन्व्हर्टरवर ठेवा. कथा पूर्ण ऑफलाइन चालते. पीएस४ च्या डिस्कमध्ये ऑनलाइन टोळीयुद्धाचा वेगळा विभाग आहे, अनोळखी लोक तिथे भेटतात. त्याला पीएस प्लस या ऑनलाइन सेवेची वर्गणी लागते, ती घेऊच नका. तुमच्या नावाचं खातं पालक म्हणून जोडलंत तर रोजची खेळायची वेळही ठरवून देता येते.

हा संपला की तो याच मालिकेतला 'लॉस्ट लेगसी' मागणार, तयार राहा. २०१७ चा. नायिका क्लोई, सह्याद्रीचं जंगल, होयसळ राजघराण्याचं राज्य आणि गणपतीचा तुटलेला दात.

वेंगुर्ल्याचा मास्तर

त्यात परशुराम आणि गणपतीच्या भांडणाची गोष्ट क्लोईच्या तोंडी आहे, सासूबाईंना बोलवा ऐकायला. होयसळांचं खरं हळेबीड कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात आहे, रानात गडप झालेलं नगर वगैरे काही नाही, सरळ एसटीसारख्या बसने जाता येतं. पण सुरुवात युद्धाने पेटलेल्या शहरात होते आणि तिथलं वातावरण चौथ्या भागापेक्षा जड आहे. तेवढा भाग पेट्यांचं काम संपल्यावर, तुम्ही दोघं घरात असताना काढा.