सोमची लढाई: तार का तुटली नाही?

पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीच्या लढाईत, ब्रिटिश युद्धमंत्री किचनरने उभारलेल्या स्वयंसेवक पलटणी जर्मनांसमोर कापल्या गेल्या त्या प्रशिक्षण अपुरं होतं म्हणून, हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. आधी तोफगोळ्यांकडे बघायला हवं. ब्रिटिशांनी सात दिवसांत १५ लाखांहून जास्त गोळे डागले, पण त्यातले बरेच श्रापनेलचे, म्हणजे हवेत फुटून आतल्या बारीक गोळ्या उडवणारे. १८ पौंडी तोफेच्या अशा गोळ्यात शिशाच्या सुमारे ३७५ गोळ्या असत. तो जर्मन खंदकांपुढच्या काटेरी तारेच्या जरा वर, नेमक्या उंचीवर फुटला तरच तार तुटे. उंचावर फुटला की गोळ्या विखुरत, उशिरा फुटला की मातीत रुतत. शिवाय कित्येक गोळे फुटलेच नाहीत. जर्मन सैनिक ६ ते ९ मीटर खोल तळघरांत शाबूत राहिले आणि मारा पुढे सरकताच मशीनगन घेऊन वर आले. तारेला नुसता स्पर्श होताच गोळा फोडणारा १०६ नंबरचा फ्यूज सर्रास मिळू लागला तो १९१७ मध्ये.

हल्ला करणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या अंगावर साधारण २७ किलो ओझं होतं, हेही धरा. सेर गावासमोर अ‍ॅक्रिंग्टन पॅल्स या, इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टन भागातून भरती झालेल्या पलटणीच्या सुमारे ७०० जणांपैकी ५८० हून जास्त जण अर्ध्या तासात मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. शेजारीपाजारी, एकत्र भरती झालेली पोरं; त्यामुळे गल्लीगल्लीत एकदमच सुतक आलं.