संपर्क शोधणारं ॲप: विचारलं की ‘हो’, फोनमध्ये मात्र ‘नको’. असं का?

नवाविद्यार्थी

नमस्कार मंडळी. सार्वजनिक आरोग्य शिकतोय. प्रकल्पाचा विषय असा, की पुढे कधी साथ आली तर संपर्क शोधणारं ॲप, म्हणजे बाधित माणसाच्या जवळ आलेल्यांना सावध करणारं, लोक फोनमध्ये घेतील का. प्रश्नावली केली आणि आधी ओळखीच्यांवर चालवून पाहिली. “अशा ॲपमुळे साथ आटोक्यात येणार असेल तर घ्याल का?” याला भराभर ‘हो’ आले. मग त्याच लोकांना विचारलं, कोविडच्या वेळी होतं का तुमच्याकडे? तर कुणी बॅटरी खातं म्हणून काढून टाकलेलं, कुणी ऑफिसने सांगितलं म्हणून घेतलं पण ब्लूटूथ कायम बंद. एक काका म्हणाले, “सरकारला माझा पत्ता ठाऊक आहे, तेवढं पुरे.”

वाचायला घेतलं तर ही तफावत बाहेरही दिसते. २०२० मध्ये साथ नुकतीच पसरत होती तेव्हा फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन आणि अमेरिकेत एक पाहणी झाली. जवळपास तीन चतुर्थांश लोक म्हणाले, बहुधा किंवा नक्की घेऊ. मग २ जूनला फ्रान्सचं ‘स्टॉपकोविड’ आलं. तीन आठवड्यांनी मंत्र्यांनी आकडे सांगितले: १९ लाख डाउनलोड, त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त लोकांनी काढूनही टाकलेलं, आणि धोक्याची सूचना गेली ती फक्त १४ जणांना.

मार्गदर्शक म्हणतात, ‘खासगीपणाची चिंता’ असं कारण लिही आणि पुढे सरक. मला ते पचत नाही. हेच लोक टॉर्चच्या ॲपला सगळे कॉन्टॅक्ट बघू देतात. मग नेमकं अडतं कुठे? ज्यांनी घेतलं, नाकारलं किंवा घेऊन काढलं, सगळ्यांनी लिहा.

ब्लूटूथबाबा

आधी कोणत्या ॲपबद्दल बोलतोयस ते ठरव. सरसकट ‘ॲप’ म्हणून विचारलंस तर उत्तरंही सरसकटच येणार.

एका प्रकारात भेटीगाठींची नोंद शेवटी सरकारी सर्व्हरवर जायची. दुसरा प्रकार ॲपल आणि गूगलने एप्रिल २०२० मध्ये मिळून जाहीर केला. त्यात फोन हवेत एक यादृच्छिक आकडा सोडत राहतो आणि तो दर १०-२० मिनिटांनी बदलतो. आसपासचे फोन तो १४ दिवस जपून ठेवतात. कुणी पॉझिटिव्ह आला आणि त्याने परवानगी दिली, तर त्याच्या किल्ल्या (ज्यांपासून त्याच्या फोनचे ते आकडे तयार होतात) जाहीर होतात. बाकी प्रत्येक फोन त्या उतरवून घेतो आणि जुळणी स्वतःच्या पोटातच करतो. कोण कुणाला भेटलं हे सर्व्हरला कळतच नाही. जर्मनीचं ‘कोरोना वॉर्न ॲप’ १६ जून २०२० ला असंच आलं, कोड आधीच सगळ्यांसाठी खुला होता.

आता गंमत बघ. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथने आसपासची उपकरणं शोधायची तर लोकेशनची सेटिंग चालू असावी लागायची. म्हणजे ॲप म्हणतंय ‘आम्ही तुमचं ठिकाण बघत नाही’ आणि फोन म्हणतोय ‘लोकेशन चालू करा’. ॲप खरं बोलत होतं, पण ज्याला आतलं काही माहीत नाही तो फोनवरच विश्वास ठेवणार ना? अँड्रॉइड ११ मध्ये या ॲपपुरती ती अट काढली, तोवर ज्यांनी काढायचं त्यांनी काढलं होतं.

शिवाय ब्लूटूथला भिंत कळत नाही. पलीकडच्या खोलीतला माणूसही ‘जवळचा संपर्क’ ठरू शकतो. उलट मागच्या खिशात फोन असेल तर मध्ये शरीर आल्यामुळे सिग्नल पडतो आणि समोर बसलेला लांबचा वाटतो.

अवांतर: ‘६० टक्के लोकांनी घेतलं नाही तर उपयोग शून्य’ हे वाक्य तुझ्या प्रश्नावलीत असेल तर काढ. ऑक्सफर्डच्या गटाने एवढंच म्हटलं होतं, की निव्वळ ॲपच्या जोरावर साथ थांबवायची तर साधारण तेवढं प्रमाण लागेल. त्याहून कमी लोकांनी घेतलं तरी फायदा होतो हेही तेच सांगत होते. बातम्यांत पहिला अर्धा भाग उरला. आणि ‘एवढे थोडेच लोक घेणार, मग मी कशाला’ म्हणायला लोकांना आयतं निमित्त मिळालं.

रिंगवाजली

धागा वाचून राहवलं नाही. साथीच्या काळात फोनवरून संपर्क शोधायचं काम केलंय. आमच्याकडे ॲप नव्हतं. एक यादी, एक हेडफोन आणि शिव्या खायची तयारी.

लोक पहिला प्रश्न काय विचारायचे सांगते. ‘माझी माहिती कुठे ठेवणार’ हा नाही. तो फार थोड्यांनी विचारला, तोही बहुतेक संगणकातल्या मंडळींनी. पहिला प्रश्न ठरलेला: “माझं नाव कुणी दिलं?” आणि लगेच दुसरा: “कामावर कळवणार का?”

रोजावर काम करणारा एक जण होता. अगदी शांतपणे म्हणाला, “ताई, तुम्ही मला चौदा दिवस बसवताय. चौदा दिवसांचा रोज कोण देणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदल्या आठवड्यात कुणाकुणाबरोबर होता विचारलं तर त्याने दोनच नावं दिली, दोन्ही घरातली. सोबत काम करणारे, एका गाडीतून जाणारे, एकही नाही. मी तीनदा फिरवून विचारलं. तो विसरला नव्हता हो, तो त्या माणसांची मजुरी वाचवत होता. त्याला मी ‘तुमची माहिती सुरक्षित आहे’ असं ऐकवलं असतं तर हसला असता.

दुसरा एक, आवाजावरून तरुण, सगळी उत्तरं तुटक. मग हळूच म्हणाला, “अर्ध्या तासाने करता का?” केला. घरातलं माणूस बाहेर गेलं होतं, मग धडाधड नावं आली. कुठे होता ते घरच्यांना कळायला नको होतं, बस. अशा माणसाला ॲप बरं पडलं असतं. ॲप नाव विचारत नाही, तोंड बघत नाही, सूचना देऊन मोकळं. पण रोजावरच्या माणसाला ॲप म्हणजे खिशात बसलेली मीच, आणि तीही जिच्याशी घासाघीस करता येत नाही अशी.

म्हणून नवाविद्यार्थी, तुझ्या मार्गदर्शकांना इंग्लंडचं उदाहरण दे. तिथे सप्टेंबर २०२० च्या शेवटी कमी उत्पन्नवाल्यांसाठी ५०० पौंडांची मदत सुरू झाली, विलगीकरणात बसावं लागलं तर. फोनवरून ज्याला कळवलं त्याला अर्ज करता यायचा. ॲपने कळवलं त्याला मात्र डिसेंबरपर्यंत करता येत नव्हता. कारण काय, तर ॲप निनावी, कुणाला सूचना गेली ते यंत्रणेला माहीतच नाही. ब्लूटूथबाबांनी ज्याचं कौतुक केलं तोच निनावीपणा इथे माणसाच्या पोटावर आला. त्या दोन-अडीच महिन्यांत ज्याने ॲप घेतलं नाही त्याला मी अडाणी म्हणणार नाही, त्याचा हिशेब चोख होता.

पुढचं आणखी बोलकं आहे. ते ॲप २४ सप्टेंबर २०२० ला इंग्लंड आणि वेल्समध्ये आलं आणि साधारण २८ टक्के लोकसंख्येने नियमित वापरलं. वर्षअखेरपर्यंत त्याने किती लागण टाळली याचे अंदाज पुढे ‘नेचर’मध्ये आले: एका पद्धतीने २ लाख ८४ हजार, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ९४ हजार. म्हणजे चाललं की! मग जुलै २०२१ उजाडला. आठवड्याला ६ लाखांवर सूचना जाऊ लागल्या, दुकानं-कारखान्यांना माणसं मिळेनात, वर्तमानपत्रांनी त्याला ‘पिंगडेमिक’ (फोनचा ‘पिंग’ अधिक ‘पँडेमिक’) नाव दिलं आणि लोक ॲप काढायला लागले, नाहीतर शोधाशोधच बंद करून ठेवायला लागले. ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारने नियम सैल केला: लक्षणं नसलेल्या रुग्णाच्या चाचणीआधीच्या पाच दिवसांतल्या भेटी मोजायचे, त्याऐवजी दोनच दिवसांतल्या.

या सगळ्यात ॲपच्या खासगीपणात काडीचाही फरक पडला नव्हता. तेच ॲप, तेच निनावी आकडे. बदललं होतं ते सूचनेचं मोल. आधी ती क्वचित यायची, म्हणून खरी वाटायची. मग रोज कुणाला तरी यायला लागली, आणि आली की दहा दिवस घरात. तुझं ‘अडतं कुठे’ याचं माझं उत्तर हेच: ॲप घेताना माणूस अटींचं पान वाचत नाही, ‘फोन वाजला तर माझं काय होणार’ याचा अंदाज बांधतो.

नाहीम्हणजेनाही

ताईंचं पटलं, पण खासगीपणा एवढा सहज बाजूला सारू नका. मी घेतलं नव्हतं आणि घेणारही नाही, निदान आधी कायदा होत नाही तोवर.

सिंगापूरचं ‘ट्रेसटुगेदर’ मार्च २०२० मध्ये आलं. माहिती फक्त संपर्क शोधायला वापरू असं सांगून. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत कबूल केलं की पोलीस गुन्ह्याच्या तपासासाठी ती मागू शकतात, एका खुनाच्या तपासात मागितलीही होती. पुढच्याच महिन्यात कायदा करून वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवला. कायदा चांगला असेलही, पण आला कधी? तीन चतुर्थांशांहून जास्त लोक ॲप किंवा टोकन (ॲपऐवजी जवळ बाळगायचं छोटं उपकरण) घेऊन बसल्यावर.

जर्मनीच्या ‘कोरोना वॉर्न ॲप’वर कुणी बोट ठेवत नाही. पण त्याच देशात उपाहारगृहात हजेरी नोंदवायला ‘लुका’ नावाचं दुसरं ॲप होतं. माइन्झमध्ये एक माणूस पडून मेला, आणि साक्षीदार शोधायला पोलिसांनी लुकाची माहिती काढली. कायद्याने त्याला मनाई होती. आता सामान्य माणसाला या दोन ॲपमधला फरक कोण समजावणार? एकाने विश्वास घालवला की बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

आपलं ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिल २०२० ला ऐच्छिक म्हणून आलं. ब्लूटूथबरोबर जीपीएससुद्धा. १ मेच्या आदेशात कर्मचाऱ्यांना सक्तीचं, १७ मेच्या आदेशात पुन्हा ‘शक्यतो घ्यावं’. दीड महिन्यात तीन सूर. नॉर्वेच्या ‘स्मिट्टेस्टॉप’मध्येही जीपीएस आणि मध्यवर्ती साठा होता. तिथल्या माहिती संरक्षण यंत्रणेने हरकत घेतल्यावर जून २०२० मध्ये ते थांबवून गोळा केलेली माहिती पुसली आणि डिसेंबरमध्ये त्याच नावाने नवं, निनावी पद्धतीचं ॲप आणलं. मला हे शहाणपणाचं वाटतं. चूक झाली, पुसलं, परत केलं.

रिंगवाजली

@नाहीम्हणजेनाही, बाजूला सारत नाहीये. तुम्ही पोलिसांना घाबरता, माझा रोजावरचा माणूस मुकादमाला. दोघांचा प्रश्न एकच आहे, ही नोंद फिरून माझ्यावर येणार का.

आणि सक्तीचं म्हणाल तर आकडा वाढतो, यात शंका नाही. फ्रान्सने तेच ॲप ऑक्टोबर २०२० मध्ये ‘तूसअँटीकोविड’ म्हणून नव्याने आणलं. आधी बाहेर पडायचा परवाना, नंतर लशीचा पास त्यात ठेवता यायला लागला, आणि मग कोट्यवधी लोकांनी घेतलं. पण ते पाससाठी. किती जण संपर्क शोधायला मदत करत होते ते डाउनलोडवरून कसं कळणार?

ऑस्ट्रेलियाचं ‘कोविडसेफ’ ७० लाखांहून जास्त लोकांनी घेतलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये बंद करताना आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, हाताने शोधून सापडले नसते असे रुग्ण त्यातून निघाले २. आमच्यासारख्या हेडफोनवाल्यांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

नवाविद्यार्थी

बापरे, मार्गदर्शकांना हा धागाच पाठवतो. ताई, मग प्रश्नावलीत विचारू तरी काय?

रिंगवाजली

‘घ्याल का’ काढ. त्याला ‘नाही’ म्हणताना माणसाला अपराधी वाटतं, म्हणून ‘हो’ म्हणतो. प्रसंग सांगून विचार. रात्री फोनवर सूचना आली की तुम्ही धोक्यात आहात, कुठे आणि कुणामुळे ते सांगत नाही. सकाळी कामावर जाल? सगळ्यात आधी कुणाला सांगाल? घरी बसलात तर त्या दिवसांचे पैसे मिळतील का? मग उलट बाजू: तुम्हीच पॉझिटिव्ह आलात, एक बटण दाबलं तर इतरांना कळेल, नाव जाणार नाही. दाबाल? जर्मनीत पॉझिटिव्ह आलेल्या बऱ्याच जणांनी ते बटण दाबलंच नव्हतं, आणि हे सगळे स्वतःहून ॲप घेतलेले लोक बरं का.

रोजगाराचा प्रकार विचारायला विसरू नकोस, आणि तो पहिल्या पानावर नको, शेवटी.

ब्लूटूथबाबा

एक माझ्याकडून. फोन कुणाच्या नावावर आहे आणि दिवसभर कुणाकडे असतो, हे वेगवेगळं विचार. घरात एकच फोन असेल आणि तो मुलांच्या अभ्यासाला घरीच राहत असेल, तर बाहेर जाणारा माणूस ॲपच्या हिशेबात नाहीच. आणि ॲपल-गूगलची पद्धत जुन्या फोनवर चालत नव्हती. सुरुवातीला आयफोनला आयओएसची १३.५ ही आवृत्ती लागायची. ‘घेतलं नाही’ आणि ‘घेता येत नव्हतं’ एका रकान्यात टाकू नकोस.

नाहीम्हणजेनाही

बाकी चालू द्या. फक्त एक सांग, प्रश्नावलीत मोबाइल नंबर मागतोयस का?

नवाविद्यार्थी

आहे रकाना, पण ऐच्छिक आहे.

नाहीम्हणजेनाही

सुरुवातीला सगळे ऐच्छिकच असतात. :)