अपूर्णांक आधी मोजायला शिकवा, बेरीज-वजाबाकी नंतर!

गणितवेडी:
मुलांना अपूर्णांकांची धास्ती बसते कारण आपण मोजायचं सोडून थेट समच्छेदावर उडी मारतो, हे माझं ठाम मत. १, २, ३ नुसतं म्हणून घेण्यात आपण महिने घालवतो ना, मग चतुर्थांशाने का नाही? संख्यारेषेवर बोट ठेवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, एक चतुर्थांश, दोन चतुर्थांश, तीन चतुर्थांश, चार चतुर्थांश म्हणजे एक, आणि तिथे थांबायचं नाही, पाच चतुर्थांश, सहा चतुर्थांश, मग तसंच उलटं मागे यायचं. छेद म्हणजे पाऊल केवढं आणि अंश म्हणजे पावलं किती, हे अंगवळणी पडलं की १/२ + १/३ = २/५ असं लिहिताना पोराचा हात अडखळेल.

छेदस्थान:
अजिबात पटलं नाही. ही निव्वळ पोपटपंची होईल. १/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटतो कारण ८ मोठे, ही चूक म्हणून घेतल्याने जाईल का? कागदाला घड्या घालू द्या, भाग वाढले की लहान होतात हे डोळ्यांनी दिसू दे.

गणितवेडी:
घड्या घालाच की, विरोध नाहीये. पण ५/४ दाखवायला दोन चौकोन काढा, प्रत्येकाचे चार भाग करा, पाच रंगवा आणि विचारा किती झाले. बरीच मुलं ५/८ म्हणतात, कारण समोर आठ भाग दिसतात आणि "एक" नक्की कुठला ते चित्र सांगतच नाही. रेषेवर १ ची जागा पक्की असते.

दशांशवाला:
एवढा खटाटोप कशाला? ०.२५, ०.५, ०.७५ शिकवा, कॅल्क्युलेटर आहेच.

गणितवेडी:
आणि १/३? ०.३३३ करत बसा, संपतच नाही. तीन वेळा ०.३३ घेतलं तरी ०.९९ च.

छेदस्थान:
दशांशाबद्दल सहमत. पण माझा खरा आक्षेप वेगळाय. मोजणं म्हटलं की "पुढची संख्या" आली, अपूर्णांकात ती नसतेच! १/४ आणि १/२ च्या मध्ये ३/८, १/४ आणि ३/८ च्या मध्ये ५/१६, कितीही आत शिरा. मुलांना वाटेल मधे काहीच नाही.

गणितवेडी:
मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच एकाच रेषेवर आधी चतुर्थांशाने, मग अष्टमांशाने मोजून घ्यायचं. २/८ बरोबर १/४ च्याच खुणेवर येतो, सममूल्य अपूर्णांक तिथेच कळले, आणि ३/८ ला मघाशी रिकाम्या असलेल्या जागी नवी खूण पडते.

छेदस्थान:
सममूल्यापर्यंत मान्य. पण १/२ गुणिले १/३ मोजून कसं दाखवणार? तिथे मला कागदच लागतो, आडवी एक घडी, उभे तीन भाग, सहातला एक. म्हणून मी घडीपासूनच सुरुवात करणार, मोजणं त्यानंतर.