विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरच बंद झालाय, क्रॅक वापरू का?

रेघोट्या (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण सगळं सांगते म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

माझ्याकडे चित्रं काढायचं एक व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी चित्र बनवणारं) सॉफ्टवेअर आहे, १३ वर्षांपूर्वी रीतसर विकत घेतलेलं. डिस्क, कार्डावरचा सिरीयल नंबर, बिल सगळं जपून ठेवलंय. मागच्या महिन्यात जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला. हार्डडिस्क सुखरूप आहे, त्यावरच्या ६०० च्या वर फाईल पण मिळाल्या. नव्या मशीनवर त्याच डिस्कवरून इन्स्टॉल केलं, सिरीयल नंबर घेतला, आणि अ‍ॅक्टिव्हेशनला येऊन गाडी अडली कारण ज्या सर्व्हरला ते विचारतंय तो सर्व्हरच आता नाहीये. मूळ कंपनी दुसऱ्यांनी घेतली, त्यांनी हे प्रॉडक्ट बंद केलं. मेल केला तर उत्तर आलं की सबस्क्रिप्शन घ्या. आणि नव्या व्हर्जनमध्ये माझ्या जुन्या फाईल उघडणार नाहीत हेही त्यांनीच लिहिलंय!

मावसभावाने एक क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणारी फाईल, शोधून दिलाय. डाउनलोड केल्या केल्या अँटिव्हायरस ओरडायला लागला. तो म्हणतो की अँटिव्हायरसवाले कंपन्यांच्या दबावाखाली प्रत्येक क्रॅकला व्हायरस म्हणतात, तू तो ५ मिनिटं बंद कर, फाईल चालव आणि परत चालू कर, कुणाला काही होत नाही.

तर प्रश्न दोन. पैसे भरून घेतलेली गोष्ट क्रॅक करून वापरली तर ती चोरी का? आणि भाऊ म्हणतो ते अँटिव्हायरसचं खरं आहे का?

---

कडीकोयंडा

आधी एवढंच, घाईत आहे. ती फाईल चालवू नका आणि अँटिव्हायरस बंद करू नका. रात्री सविस्तर लिहितो.

---

शून्यएक

चोरी कसली? पैसे तुम्ही दिलेत, डिस्क तुमची, नंबर तुमचा. वचन मोडलंय ते समोरच्याने. विकताना "आमचा सर्व्हर असेपर्यंतच चालेल" असं डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं का? मी गेली कित्येक वर्षं क्रॅक वापरतोय, पीसी एकदम झकास चालतोय, एकदाही व्हायरस लागला नाही. भाऊ बरोबर सांगतोय, बिनधास्त टाका.

---

कडीकोयंडा

आता निवांत लिहितो. माझं कामच लोकांची बिघडलेली मशीन साफ करायचं आहे त्यामुळे थोडं पोटतिडकीने लिहितोय, राग मानू नका.

शून्यएक, "पीसी झकास चालतोय म्हणजे व्हायरस नाही" हा फार जुना हिशोब झाला. एके काळी व्हायरस लागला की मशीन मंदावायचं, स्क्रीनवर काहीबाही यायचं, लगेच कळायचं. आता क्रॅकबरोबर जे येतं त्यात पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम खूप असतात, रेडलाइन वगैरे नावं ऐकली असतील. हे लोक मशीनला धक्का पण लावत नाहीत. चालू झाले की ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकी (साइटने तुमची ओळख लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद) गोळा करतात, पाठवून देतात, आणि बरेचदा स्वतःला पुसून निघून जातात, सगळा कारभार काही मिनिटांचा. मग तुम्ही अँटिव्हायरस परत चालू करा नाहीतर पूर्ण स्कॅन मारा, सापडणार काय? कुकी हा शब्द साधा वाटतो पण लॉगिन झालेल्या सेशनची कुकी ज्याच्या हातात गेली त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, तो थेट तुमच्या नावाने आत. म्हणजे भावाची "५ मिनिटं" पुरतात, उरतात सुद्धा.

दुसरा प्रकार खंडणीवाला. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा प्रोग्रॅम) आहे, ते पसरलंच मुख्यतः क्रॅक आणि की-जेन (खोटे सिरीयल नंबर बनवणारे प्रोग्रॅम) यांमधून. मी पाहिलेल्या एका मशीनवर घरातले सगळे फोटो लॉक झाले होते आणि बॅकअपची डिस्क त्याच वेळी मशीनला लावलेली होती म्हणून ती पण गेली. ते फोटो आजतागायत उघडलेले नाहीत.

आता अँटिव्हायरसबद्दल, तर भावाचं अर्धं खरं आहे आणि ते अर्धंच घात करतं. "हॅकटूल" किंवा "की-जेन" असं लेबल येतं तेव्हा त्याचा अर्थ इतकाच असू शकतो की ही फाईल लायसन्सची तपासणी चुकवते, पासवर्ड चोरतेच असं नाही. पण "ट्रोजन", म्हणजे कामाच्या फाईलचं सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम, असं लेबल आलं तर विषय वेगळा. आणि बाहेरून बघून तुम्हाला, मला, भावाला, कोणालाच सांगता येत नाही की हा निव्वळ क्रॅक आहे की क्रॅकच्या पोटात आणखी काही आहे. वाईट लोकांना हे पक्कं माहीत असतं की क्रॅक वापरणारा माणूस लाल इशारा बघून थांबणार नाही, उलट स्वतःच्या हाताने अँटिव्हायरस बंद करून वर अ‍ॅडमिनची परवानगी देईल. असा माणूस त्यांना आयता मिळतो.

फाईल पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये होती का आणि पासवर्ड बाजूलाच लिहिलेला होता का? तसं करतात कारण मग स्कॅनरला आत बघता येत नाही. किंवा एवढंसं काम करणारी .एक्सई फाईल उगाच कित्येकशे एमबीची असते, आत नुसती शून्यं भरलेली, कारण मोठ्या फाईल बरेच स्कॅनर सोडून देतात. व्हायरसटोटल या फाईल तपासून देणाऱ्या साइटवर सुद्धा ६५० एमबीच्या वरची फाईल चढत नाही.

---

जुनी_फ्लॉपी

वरचं सगळं मान्य, पण रेघोट्याताईंनी दोन प्रश्न विचारलेत आणि आपण ते एकात एक कालवतोय. कॉपी वापरायचा हक्क आहे का हा एक प्रश्न, आणि हातात असलेली फाईल विश्वासाची आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "हो" आलं म्हणून दुसऱ्याचं "हो" होत नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे, कंपनीच्या बाजूला सुद्धा, आणि त्या बाजूचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

सोनी बीएमजीने २००५ साली काय केलं आठवतंय? गाण्यांच्या सीडी, दुकानातून पैसे देऊन घेतलेल्या, ओरिजिनल. त्या विंडोजच्या पीसीत घातल्या की कॉपी अडवण्यासाठी एक प्रोग्रॅम चढायचा आणि तो रूटकिट (विंडोजपासूनच फाईली लपवणारा प्रोग्रॅम) लावून स्वतःला लपवायचा. मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराला तो स्वतःच्या मशीनवर सापडला, त्याने ३१ ऑक्टोबर २००५ ला सगळं लिहून काढलं. गंमत नाही, भयंकर होतं ते, कारण ठराविक अक्षरांनी नाव सुरू होणारी कुठलीही फाईल त्या रूटकिटमुळे दिसेनाशी व्हायची, आणि मग दोन आठवड्यांच्या आत दुसऱ्यांनी लिहिलेले ट्रोजन तेच नाव लावून त्याच आडोशाला लपायला लागले. काढून टाकायला दिलेल्या टूलने आणखी एक भोक पाडलं. शेवटी सीडी परत मागवाव्या लागल्या. फुकट एमपीथ्री उतरवणाऱ्याच्या मशीनवर हे रूटकिट नव्हतं, पैसे देणाऱ्याच्या मशीनवर होतं!

सेफडिस्कचं तसंच. कित्येक जुन्या गेमच्या डिस्कवर ते कॉपी-संरक्षण होतं, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालायचा. २००७ मध्ये त्याच ड्रायव्हरमध्ये असं भोक सापडलं की साध्या युजरला पूर्ण मशीनचा ताबा मिळायचा. २०१५ ला विंडोज १० आलं त्यात मायक्रोसॉफ्टने तो चालवणंच बंद केलं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण परिणाम असा की ओरिजिनल डिस्क कपाटात असलेला माणूस बाहेर राहिला आणि क्रॅकवाला खेळत राहिला.

कायद्याचं सगळीकडे सारखं नाही. अमेरिकेतला १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइटचा कायदा कॉपी-संरक्षणाचं कुलूप तोडण्यालाच वेगळा गुन्हा मानतो, आतली वस्तू तुमची असली तरी. मात्र दर ३ वर्षांनी काही सवलती जाहीर होतात आणि २०१५ मध्ये अशी एक सवलत मिळाली की ज्या गेमचा तपासणीचा सर्व्हर कंपनीने कायमचा बंद केलाय तो विकत घेणाऱ्याने स्वतःच्या मशीनवर चालवण्यापुरतं कुलूप काढलं तर चालेल. ती सवलत गेमपुरती, चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला नाही, पण तुमची तक्रार अगदी हीच आहे आणि ती रास्त आहे हे तिथल्यांनाही पटलेलं आहे. तुमच्या देशात काय ते तुम्हाला बघावं लागेल.

आणि "चोरी" शब्दाबद्दल, १९८५ च्या डाउलिंग खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की कॉपीराइटचा भंग आणि वस्तूची चोरी सरळ एकच नव्हे, कारण कॉपी केल्याने मालकाच्या हातातली वस्तू जात नाही. म्हणजे भंग करा असं नाही, पण शब्द नीट वापरा.

---

सेमीकोलन

मी स्वतः एक छोटं सॉफ्टवेअर लिहून विकतो म्हणून दुसरी बाजू. कॉपी केल्याने "हातातली वस्तू जात नाही" हे ऐकायला बरं वाटतं पण माझ्या प्रोग्रॅमचा क्रॅक बाहेर आला तेव्हा विक्री कमी झाल्याचं जितकं लागलं नाही तितकं दुसरंच लागलं. त्या क्रॅकमध्ये ट्रोजन होता आणि लोक मला मेल करून शिव्या देत होते की तुमच्या सॉफ्टवेअरने आमचं अकाउंट हॅक झालं. नाव माझं, आयकॉन माझा, आतला विषारी भाग कुणाचा तरी. मी काय सिद्ध करणार?

तरीसुद्धा त्यानंतर मी ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन काढून टाकलं. आता नुसता सिरीयल नंबर, तपासणी मशीनवरच, नेट लागत नाही. क्रॅक करणारा तसाही करतो, अडतो तो फक्त पैसे देणारा. आणि उद्या मीच नसलो तर? सर्व्हर बंद करायची वेळ आली तर शेवटचं एक बिनकुलपाचं व्हर्जन गिऱ्हाइकांना देणं हे विकणाऱ्याचं कर्तव्यच आहे. अडोबीने डिसेंबर २०१२ मध्ये क्रिएटिव्ह सूट २ चा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला तेव्हा विकत घेतलेल्यांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारे इन्स्टॉलर आणि सिरीयल नंबर साइटवर ठेवले होते. लोकांनी गैरसमजाने "फुकट मिळतंय" म्हणून उतरवून घेतलं ते वेगळं, पण केलं ते बरोबरच केलं. ताई, हेच उदाहरण देऊन त्या कंपनीला परत एकदा लिहा, बिलाचा फोटो जोडा, आणि सपोर्टला नाही तर लायसन्सिंग विभागाला लिहा.

---

दुसरी_खिडकी

सगळे तत्त्वावर बोलताय, फाईलींचं काय? मला तर वाटतं सॉफ्टवेअर गेलं तर गेलं, ६०० चित्रं वाचली पाहिजेत.

ताई, एक विचारायचं राहिलं. अ‍ॅक्टिव्हेशन न करता ते उघडतं का? त्या काळातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरना इन्स्टॉल केल्यापासून ३० दिवस तसेच मिळायचे. "नंतर अ‍ॅक्टिव्हेट करा" असं बटण कुठेतरी कोपऱ्यात असेल, बघा. असेल तर क्रॅकची गरजच नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्रॅम) जुनं विंडोज टाका, त्या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क अ‍ॅडाप्टर पूर्ण बंद ठेवा कारण ज्या विंडोजचे अपडेट थांबलेत ते नेटवर सोडायचं नाही, आत तुमच्या डिस्कवरून इन्स्टॉल करा आणि मिळतील त्या दिवसांत एकेक फाईल उघडून एसव्हीजी आणि पीडीएफ दोन्हीत एक्सपोर्ट करा. एसव्हीजी परत बदलता येण्यासाठी, पीडीएफ मूळ चित्र कसं दिसत होतं ते कळण्यासाठी. त्याआधी जुन्या हार्डडिस्कची एक पूर्ण कॉपी काढून बाजूला ठेवा, कामाला मूळ डिस्क लावूच नका. इंकस्केप आणि लिब्रेऑफिस ड्रॉ या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पण एक फाईल टाकून बघा, बरेच जुने फॉरमॅट ते उघडतात.

---

शून्यएक

ट्रायलचं डोक्यातच आलं नाही, हे बरं सुचवलंत. कुकीचं वाचून मी काल माझ्या सगळ्या अकाउंटमधून "सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट" केलं. एका अकाउंटमध्ये मला ओळखू न येणारं एक डिव्हाइस दिसलं. मशीन फॉरमॅट मारायला घेतोय.

---

कडीकोयंडा

शून्यएक, पासवर्ड त्या मशीनवरून बदलू नका, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून बदला. मेलच्या अकाउंटपासून सुरुवात करा, बाकी सगळं त्याच्यावरच टांगलेलं असतं. मेलमध्ये कुठे फॉरवर्डिंग लावून ठेवलंय का तेही बघा.

---

रेघोट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. झिपला पासवर्ड होता आणि तो बाजूलाच टेक्स्ट फाईलमध्ये लिहिलेला होता, अगदी जसं सांगितलंत तसं. न उघडता डिलीट केली, भावालाही हा धागा वाचायला दिलाय.

इंकस्केपमध्ये फाईल उघडली नाही. पण व्हर्च्युअल मशीनमध्ये "नंतर" चं बटण सापडलं, ३० दिवस मिळालेत! एक्सपोर्ट चालू आहे. ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या छटा) काही ठिकाणी पट्ट्यापट्ट्यांचे येतात आणि लिहिलेला मजकूर आउटलाइन होऊन जातो, म्हणजे परत टाइप करून बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्रातला मजकूर वेगळ्या टेक्स्ट फाईलमध्ये उतरवून ठेवतेय. वेळ लागतोय पण ८० झाल्यात. लायसन्सिंग विभागाला बिल जोडून मेल केलाय, अडोबीचं उदाहरणही दिलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.