भूभूला घेऊन गाडीने लांबचा पल्ला : अनुभव धागा

पुण्या-मुंबईहून मनाली म्हणजे एका बाजूने दोन हजार किलोमीटरच्या आसपास. घरातली चार माणसं आणि मागच्या सीटवर एक लॅब (लॅब्रॅडॉर कुत्रा), असा बेत आखणाऱ्यांसाठी हा धागा. 'आमचा सोन्या कित्ती गुणी' हे फोटोंच्या धाग्यात लिहा. इथे फक्त कामाचं: काय बांधायचं, काय द्यायचं, कुठे बिनसतं आणि का. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

घाटवाट

सुरुवात बांधण्यापासून. पट्टा गळ्यातल्या कॉलरला कधीच अडकवू नका, करकचून ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. रुंद छातीपट्टीचा हार्नेस घ्या आणि त्याच्या पाठीवरच्या कडीला आखूड पट्टा लावा. लांबी इतकीच की त्याला बसता-झोपता यावं, पण पुढच्या दोन सीटांच्या मधून उडी घेता येऊ नये. सीटबेल्टच्या खाचेत अडकणारे पट्टे मिळतात, पण पंजा पडला की लाल बटण दाबलं जातं आणि पट्टा सुटतो. गाडीला आयसोफिक्सच्या (लहान मुलांची सीट अडकवायच्या) कड्या असतील तर त्यात अडकवा.

पुढच्या सीटवर नको, एअरबॅग आहे. मागच्या काचांची बटणं ड्रायव्हरच्या बाजूने लॉक करा. डोकं बाहेर काढून उभं राहिलेलं कुत्रं पंजाने बटण दाबतं आणि काच मानेशी वर येते.

सीटवर झोळीसारखं कव्हर घालत असाल तर पाय ठेवायच्या खड्ड्यात आधी बॅगा भरा, नाहीतर झोळी मधोमध खचते आणि त्याला दिवसभर तोल सांभाळत बसावं लागतं.

रखरखाट

झोळीबद्दल आणखी एक. पुढच्या बाजूने बंद असलेल्या कव्हरमुळे एसीची हवा मागे पोचतच नाही. पुढे माणसं गारठलेली आणि मागे भूभू धापा टाकतंय! मध्ये जाळी असलेलंच कव्हर घ्या.

गुजरात-राजस्थानचा पट्टा मे महिन्यात ओलांडायचा तर पहाटे चारला निघा आणि दहा-साडेदहाला मुक्कामी पोचा. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. गाडीतली हवाच तापली की धापा टाकून उपयोग नाही. बाहेर २१ अंश सेल्सिअस असतानाही बंद गाडीत दहा मिनिटांत दहा-अकरा अंश वाढतात, आणि काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणून ढाब्यावर पाळीपाळीने जेवायचं, एक माणूस कायम त्याच्यासोबत.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश. थर्मामीटर सोबत ठेवा (गुदद्वारातून मोजायचा, टोकाला व्हॅसलीन). उन्हात ४० च्या वर गेलं, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, चाल लटपटली, तर आधी अंगावर साधं पाणी ओता आणि वारा घाला, डॉक्टरकडे त्यानंतर. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आतच कोंडते.

डांबरावर उतरवण्याआधी हाताची मागची बाजू टेकवा. सात अंक मोजेपर्यंत ठेवता आली नाही तर पंजेही पोळणार.

पातळभाजी

उलट्यांचं गणित: शेवटचं खाणं निघण्याच्या तीन-चार तास आधी, तेही निम्मं. पाणी थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी थांबून. लाळ गळणं, ओठ चाटणं, सारख्या जांभया ही पूर्वसूचना, तिथेच गाडी थांबवा. मॅरोपिटंटची (उलटी रोखणारी) गोळी व्हेटकडून लिहून घ्या, ती निघण्याच्या दोन तास आधी द्यायची. प्रवासासाठीचा डोस साध्या उलट्यांच्या डोसपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे घरातल्या जुन्या गोळ्या अंदाजाने देऊ नका.

कोरडं खाणं रोजच्या मापाने वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, वर दोन दिवसांचं जास्तीचं. संपलं तर ढाब्यावर बिनमिठाचा भात आणि उकडलेली अंडी मागा. ग्रेव्ही नको, तिच्यात कांदा-लसूण असतो आणि दोन्ही कुत्र्याला विषारी. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात. मागे बसलेल्या मुलांच्या खाऊवर नजर ठेवा: चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम.

पाणी रोज किलोमागे ५०-६० मिली, म्हणजे तीस किलोच्या लॅबला दीड ते १.८ लिटर, उन्हात त्याहून जास्त.

देवदार

हिमाचल-उत्तराखंडात खरी भीती बिबट्याची. अंधार पडल्यावर होमस्टेच्या अंगणातसुद्धा पट्ट्याशिवाय सोडायचं नाही. तिथल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे असतात ते याचसाठी.

अटल बोगद्यामुळे (९.०२ किमी) रोहतांगची ३,९७८ मीटरची चढाई टळते, पण लेह ३,५०० मीटरवर आहेच. पहिले दोन दिवस खेळ नाही, चढ नाही. बसल्या जागी धाप, खोकला, जेवण सोडणं, झोकांड्या असं काही दिसलं की लगेच खाली उतरा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तिकडे नेऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

बर्फात बोटांमधल्या केसांवर गोळे धरतात आणि कुत्रं लंगडायला लागतं. केस आधीच कापा आणि पंजांच्या गाद्यांना व्हॅसलीन लावा.

गोचिडांचं औषध निघण्याच्या आठवडाभर आधी, तरीही रोज रात्री कानात, काखेत, बोटांच्या बेचक्यांत आणि कॉलरखाली हात फिरवून पाहा. गोचीडताप बहुधा घरी परतल्यावर डोकं वर काढतो: मलूलपणा, पांढुरक्या हिरड्या, कॉफीसारखी लघवी. रक्ततपासणी त्याच दिवशी करा.

भरतीओहोटी

कोकणवाल्यांसाठी थोडक्यात. समुद्राचं पाणी पोटात गेलं की जुलाब ठरलेले, गोडं पाणी घेऊनच किनाऱ्यावर जा. वाळूत मेलेला केंड (पफर फिश) मासा हुंगू देऊ नका, विषारी असतो. आमिष लागलेले गळही पडलेले असतात.

दूरदेशी

अमेरिकेत आडवा देश पार करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी: नॅशनल पार्कांत भूभूला बहुतेक पायवाटांवर बंदी असते. यलोस्टोनमध्ये रस्ता, पार्किंग आणि कँपग्राउंडपासून शंभर फुटांपलीकडे नेता येत नाही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरच्या वाटांवर चालतं, दरीत उतरायचं नाही. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको. मोकळं फिरवायचं तर नॅशनल फॉरेस्ट बरी.

स्कंकने (दुर्गंधी फवारणारा तिकडचा प्राणी) फवारा मारलाच तर: साधारण एक लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, एक चमचा भांडी घासायचं लिक्विड. डोळे वाचवून चोळा, पाच मिनिटांनी धुवा. मिश्रण उरलं तर ओतून द्या. बाटलीत बंद केलं तर बाटली फुटते.

चौकटराजा

हॉटेलवाल्याला 'पेट चालतो का' एवढंच विचारू नका. खोलीत झोपू देणार का, लिफ्ट चालेल का, जादा पैसे किती, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. रेबीजच्या लशीची तारीख असलेलं पुस्तक मूळ आणि फोनमध्ये फोटो.

देवदार

वरच्यात भर: कॉलरच्या बिल्ल्यावर घरचा नाही, सोबत असलेल्या माणसाचा नंबर हवा. लेहला जाणार असाल तर पोस्टपेडच. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत.